कडीच्या आवाजाला जागणारी झोप

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या पट्ट्यात अर्धी गल्ली घराबाहेर झोपते. कुणी ओट्यावर, कुणी गच्चीवर, कुणी अंगणात खाट टाकून. दिवसा पारा 45 अंशांच्या घरात गेलेला असतो आणि भिंती मध्यरात्र उलटली तरी धग सोडत राहतात. अशा दिवसांत एखादी सून मात्र आतून कडी लावून आतच झोपते. कूलरमधलं पाणी संपतं, लाईट जाते, तरी बाहेर येत नाही. विचारलं तर म्हणते, मला बाहेर झोप येत नाही. सासरच्यांना तो तोरा वाटतो.

ही सून कल्पनेतली आहे, पण तिच्यासारख्या तक्रारी मानसोपचारतज्ज्ञांच्या ओळखीच्या आहेत. समजा, तिचा बाप रोज रात्री दारू पिऊन घरी यायचा. कडी कशी वाजली यावरून आज आईला मार बसणार की नाही, हे सात वर्षांच्या पोरीला अंथरुणातच कळायचं. हळू वाजली तर निभावलं. आदळली तर धाकट्या भावाला कुशीत ओढून डोळे मिटून पडायचं, पण झोपायचं नाही. त्या घरात अंधार पडला की सावध व्हायचं, हे तिचं शरीर शिकलं. पुढे लग्न झालं, गाव बदललं, बाप वारलासुद्धा. शरीराला शिकलेलं विसरायचं कुणी सांगितलं नाही.

बालपणीचे असे घाव पुढे आजार होऊन कसे वर येतात, याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या सॅन दिएगोमधला. व्हिन्सेंट फेलिट्टी हे डॉक्टर तिथे लठ्ठपणाचा दवाखाना चालवत. वजन चांगलं उतरत असताना काही लोक उपचार सोडून का जातात, हे त्यांना उमगेना. खोदून विचारल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. मग फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी 17,000 हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक छळ, सततचा पाणउतारा, आईला होणारी मारझोड, घरात दारूडा माणूस, घरात मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेलं कुणी, असे ते प्रश्न होते. 1998 साली पहिले निष्कर्ष छापून आले. यातले चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न भोगलेल्यांच्या 4 ते 12 पट होता. त्याच मंडळींच्या माहितीतून पुढे असंही दिसलं, की ज्यांचं बालपण जितकं जास्त पोळलेलं, तितकी मोठेपणी झोपेची तक्रार जास्त.

हे आकडे समूहाचे आहेत, एखाद्याची पत्रिका नव्हेत. मार खाल्लेली असंख्य मुलं पुढे धड उभी राहतात. बऱ्याचदा एक आजी, एक मामा, एखादे गुरुजी पाठीशी असतात, तेवढंही पुरतं. आणि ही काही अमेरिकेतलीच गोष्ट नाही. आपल्या केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रही त्यात होता. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक मारहाण सोसलेली होती. आपल्याकडे याला शिस्त म्हणायची पद्धत आहे.

आता मधला दुवा. मोठं माणूस संकटात लढतं नाहीतर पळतं. अंथरुणात पडलेल्या पोरीला दोन्ही शक्य नसतं. तेव्हा मेंदू तिसरी वाट धरतो, शरीर तिथेच ठेवून मन काढून घेतो. घडतंय ते दुसऱ्याच कुणाला घडतंय असं वाटतं, आवाज लांबून येतात, दुखणं बोथट होतं. याला डिसोसिएशन म्हणतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी 1889 मध्येच त्यावर सविस्तर लिहिलं होतं. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर जसा व्होल्टेज कमी-जास्त झालं की ट्रिप होतो, तसंच हे. मोटर जळू नये म्हणून ती सोय असते. पण पुढे जरा काही झालं की स्टार्टर पडायला लागला, तर केळीला पाणी मिळायचं कसं?

मोठेपणी हे असं दिसतं. बाई चुलीपुढे भाकरी थापत असते. बाहेर कुणीतरी चढ्या आवाजात बोलतं. भांडण तिच्या घरातलं नसतंच. पण तिचे हात थांबतात, नजर एका जागी खिळते. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास घरभर होतो, तरी तिला येत नाही. सासू ओरडते तेव्हा ती दचकते, आणि मधली पाच मिनिटं कुठे गेली हे तिला सांगता येत नाही. आपलेच हात आपले वाटत नाहीत, असं ती एखाद्या मैत्रिणीलाच सांगते. दवाखान्यात गेली तर म्हणते, 'डोकं सुन्न व्हई जास, रातले झोप येत नही.' डॉक्टर रक्तदाब बघतात, ताकदीची गोळी देतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. श्रावणात खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत बायांच्या अंगात येतं, तेव्हाही भान हरपतंच. पण तो आजार नव्हे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने, चार लोकांच्या साक्षीने ते घडतं आणि संपतं. मानसोपचाराच्या पुस्तकांतही समाजमान्य धार्मिक अनुभवांना विकार धरत नाहीत. प्रश्न येतो तो नको असताना, नको तिथे, पुन्हापुन्हा मन निसटायला लागलं तर. नेमक्या त्याच बाईला 'बाहेरचं झालंय' म्हणून भगताकडे नेलं जातं, आणि तिथे मार बसला तर जुन्या घावावरच नवा घाव.

झोप आणि हे मन निसटणं यांचं नातं मला सगळ्यांत जास्त विचार करण्याजोगं वाटतं. बालपणीचा आघात, डिसोसिएशन, झोप आणि नैराश्य यांवरचे बरेचसे अभ्यास लोकांना एकाच वेळी प्रश्नावली भरायला लावतात. चारही गोष्टी सोबत आढळतात एवढंच त्यातून कळतं, आधी कोण आणि नंतर कोण हे नाही. म्हणून प्रयोगांना मोल. 2007 मध्ये डच संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना एक रात्र जागं ठेवलं. ज्यांना काहीच त्रास नव्हता, त्यांनाही जग धूसर, खोटं, लांबचं वाटायला लागलं. उलट बाजूने, दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णांची झोप सुधारली तसे त्यांचे डिसोसिएशनचे अनुभवही कमी झाले, असं 2012 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे मन निसटण्यामागे जुना घाव असेलही, पण त्याला रोज खतपाणी घालते ती कालची अर्धवट झोप.

नैराश्याकडे जाणारी वाटही इथूनच फुटते. 2007 मध्येच अमेरिकेत एक प्रयोग झाला. सुमारे 35 तास जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली, तेव्हा त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भीतीचा पहारेकरी झोपलेल्यांपेक्षा जवळपास 60 टक्के जास्त भडकला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्कही सैल झाला होता. लहानपणापासूनच ज्याचा हा पहारेकरी तापट आहे, त्याच्या वाट्याला अशा रात्री वर्षानुवर्षं आल्या तर काय होईल? 21 दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये आला. त्यानुसार आज निद्रानाश असलेल्या, पण नैराश्य नसलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. निद्रानाश हे नैराश्याचं फक्त लक्षण, असं पूर्वी मानलं जाई. आता तसं म्हणता येत नाही, तो बऱ्याचदा आधी येतो.

शिवाय बधिरपणाला निवड करता येत नाही. दुःख लागू नये म्हणून मन सुन्न झालं, की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्याचा आनंदही लागत नाही. झोक्यावर बसलेली असते, गाणं म्हणतही असते, पण त्यात ती नसते. अशी वर्षं गेली की 'कशातच जीव रमत नाही' हे नैराश्याचं ठसठशीत लक्षण तयार होतं.

खानदेशात झोपेच्या वाटेत आणखी अडचणी आहेत. झोप लागताना शरीराच्या आतलं तापमान अंशभर उतरावं लागतं, आणि तापलेल्या घरात ते उतरत नाही. शेतीची लाईट आठवड्याच्या पाळीने रात्री येते, तेव्हा माणूस बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो आणि घरातली बाई तो येईपर्यंत अर्धी जागी. भुसावळात रेल्वेच्या रनिंग स्टाफच्या, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हर-गार्डच्या, घरांचं वेळापत्रक गाडीच्या वेळेवर चालतं. सुखाचं बालपण असलेल्यालाही हे जड जातं. नंदुरबार-धुळ्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरांची तर गोष्टच वेगळी. उचल घेतलेले आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर जातात आणि कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण उरते. परदेशी प्रश्नावलीत या रात्रींसाठी रकाना नाही.

मेडिकलवरून परस्पर आणलेली झोपेची गोळी हा यावरचा उपाय नव्हे. तिची सवय लागते, मात्रा वाढत जाते. निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून जगभर सुचवली जाते ती सीबीटी-आय ही वर्तनाची उपचारपद्धत. उठण्याची वेळ रोज एकच, झोप आली तरच अंथरुणावर जायचं, तळमळ सुरू झाली की उठून बसायचं, आणि सुरुवातीला अंथरुणातले तास मुद्दाम कमी करायचे. फेफरं किंवा बायपोलर आजार असेल तर हे शेवटचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी 2017 मध्ये ब्रिटनमधल्या 26 विद्यापीठांतल्या 3,755 विद्यार्थ्यांवर हा उपचार ऑनलाइन करून पाहिला. झोप तर सुधारलीच, नैराश्याची लक्षणंही उतरली. पण 'झोपण्याची खोली फक्त झोपण्यासाठी' हा सल्ला दोन खोल्यांत सात माणसं राहतात त्या घरात हास्यास्पद आहे, आणि 'अंधार करा' हा सल्ला आपल्या त्या सुनेसाठी चुकीचा. तिला मिणमिणता दिवा लागतो, कडी आतून लागते, आणि ते चालतं. झोप सावरली तरी जुन्या घावासाठी समुपदेशन लागतंच. पण घाव उकरण्याआधी रात्री जरा बऱ्या झाल्या तर ते सोसण्याची ताकद येते, असं मला वाटतं. बापाबद्दल बोलायला जी तयार नसते, ती झोपेबद्दल बोलते. घरचेही त्यासाठी दवाखान्यात न्यायला नाही म्हणत नाहीत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 वर दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येतं. मुलावर आत्ता अत्याचार होत असेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

घरच्यांना आजपासून करता येईल असं एक काम आहे. ती झोपेत किंचाळून उठली किंवा चुलीपुढे थिजली, तर मागून जाऊन खांदा हलवायचा नाही. समोर, दोन हात लांब उभं राहून लाईट लावायची आणि तिला नावाने हाक मारायची. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, घरात कोण कोण आहे, हे साध्या आवाजात सांगायचं. गार पाण्याचा तांब्या तिच्या हातात द्यायचा. काय आठवलं, हे त्या क्षणी विचारायचं नाही.