घरगुती बोअर: गाडी बोलावण्याआधीचे कागद

उन्हाळ्यात अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "बोअरची परवानगी काढायचीय, गाडी परवा येतेय." यातली परवानगी बहुतेकांना लागत नाही, आणि बोअर खोदणारी गाडी परवा आणता येत नाही.

आधी परवानगीचं. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पिण्यासाठी आणि घरवापरासाठी पाणी उपसणाऱ्या वैयक्तिक ग्राहकाला ना-हरकत प्रमाणपत्रातून सूट आहे, खेड्यात आणि शहरातही. तेव्हा "दिल्लीची एनओसी काढून देतो" म्हणत पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. सूट एकट्या घराला आहे. सोसायटीचं गणित वेगळं. महापालिका हद्दीत स्थानिक नियम असतात, तिथे पाणीपुरवठा विभागात आधी चौकशी करा.

लागते ती पूर्वसूचना. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडून जीव जात होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्देश दिले. त्यानुसार जमीनमालकाने खोदकामाच्या किमान १५ दिवस आधी प्रशासनाला लेखी अर्जाने कळवायचं असतं. खेड्यात ग्रामपंचायतीला द्या आणि एक प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात. हे १५ दिवस आवक शिक्क्यापासून मोजा. अर्जावर आठवडाभर आधीची तारीख टाकून आणणारे दर वर्षी भेटतात. शिक्का आजचाच बसतो. शिक्का मारलेली पोच मागताना संकोच करू नका. "ठेवून जा, बघतो" हे उत्तर म्हणजे पोच नव्हे.

नुसत्या सूचनेवर भागत नाही अशी एक जागा आहे. गावाच्या नळयोजनेची विहीर किंवा बोअर जवळ असेल तर अर्ज तिथेच अडतो. ५०० मीटरची अट १९९३ च्या भूजल कायद्यापासून लोकांच्या तोंडी आहे, आणि त्याची जागा घेणाऱ्या २००९ च्या कायद्यातही सार्वजनिक स्रोतांना संरक्षण आहेच. अंतर रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत मोजा, आणि अर्जात स्वतःहून लिहा.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते जागेच्या कागदावरून. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. मग लोक तलाठ्याकडून आठ-अ आणतात. ते शेतजमिनीचं खातं झालं. घरासाठी हवा ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीचा उतारा. दोन्ही "आठ" असल्यामुळे खिडकीवर होणारा गोंधळ मी इतक्यांदा पाहिलाय की आता फोनवरच विचारतो, "तलाठ्याचा आठ की ग्रामसेवकाचा?" स्वामित्व योजनेत गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका त्याहून भक्कम. सातबारा जोडणार असाल तर डिजिटल स्वाक्षरीचा जोडा. नुसता माहितीसाठी पाहायला मिळणारा उतारा कुणी धरत नाही. उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव असेल, किंवा भावांची नावं सामाईक असतील, तर सर्वांचं संमतीपत्र लागेल. पुण्यातल्या भावाच्या सहीसाठी महिना गेलेला पाहिलाय.

शेतात घर असलेले आणखी एक चूक करतात. वापराच्या रकान्यात "घर व शेती" लिहितात. ६० मीटरपलीकडची, म्हणजे साधारण २०० फुटांपुढची विहीर कायद्याने खोल विहीर ठरते, आणि अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे शासनाने भूजल वाचवण्यासाठी जाहीर केलेल्या भागात, शेती-उद्योगासाठी ती घेण्यास बंदी आहे. घरासाठीच हवी असेल तर तेवढंच लिहा. खोटं मात्र लिहू नका.

कुणाकडेच नसतो असा कागद म्हणजे बोअर खोदणाऱ्याचा नोंदणी दाखला. खोदणाऱ्या संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. पण बोलणी होतात एजंटशी, गाडी येते तमिळनाडू पासिंगची आणि पावतीवर तिसऱ्याचंच नाव. आगाऊ रक्कम देण्याआधी दाखल्याची प्रत मागा. नंतर फोन लागत नाही.

आता जमिनीखालचं, कारण "शेजाऱ्याला १२० फुटांवर लागलं" हा काही पुरावा नाही. राज्याचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसाल्टचा आहे, लाव्ह्याच्या थरावर थर. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात असतं. भेग शेजाऱ्याच्या अंगणात संपली तर तुमचा बोअर कोरडा. पूर्णा-तापीच्या गाळात भिंत ढासळते, तिथे केसिंग (बोअरच्या भिंतीला आधार देणारा पाइप) खोलवर लागतं, आणि खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या भागात, पाणी लागूनही पिता येईलच असं नाही. भूजल यंत्रणा शुल्क भरून खासगी जागेचं सर्वेक्षण करते. हातावर नारळ धरून पाण्याची जागा सांगणाऱ्याच्या आधी तिथे जा.

खोदताना दर दहा फुटांवर मूठभर चुरा पिशवीत घालून खोली लिहून ठेवा. काळा-करडा चुरा म्हणजे पाषाण, पांढरे ठिपके दिसले तर मांजऱ्या (पांढऱ्या खनिजाने भरलेल्या पोकळ्यांचा खडक), लाल आला तर गेरू (दोन थरांमधली लाल माती). लाल-पांढरा एकाआड एक येत असेल तर थर बदलताहेत. तीनशे फूट एकच काळी पूड येत राहिली की "अजून पन्नास घेऊ" म्हणणाऱ्याचं ऐकू नका; त्याचं बिल फुटावर असतं.

पाणी लागलं तर केसिंगभोवती ०.५० बाय ०.५० मीटरचा सिमेंटचा ओटा बांधा, ०.३० मीटर जमिनीवर आणि तेवढाच खाली, आणि तोंडाला नटबोल्टचं झाकण. मोटार दुरुस्तीला काढली त्या दुपारीही तोंड उघडं ठेवायचं नाही. कोरडा गेला तर गोणपाट आणि दगड ठेवून मोकळे होऊ नका. तळापासून वरपर्यंत माती, वाळू, खडे किंवा निघालेला चुराच भरा, फोटो काढा, आणि बोअर बुजवल्याचं पत्र ग्रामपंचायतीत देऊन त्याचीही पोच घ्या.