वीजबिलातला 'वहन आकार' आला कुठून?

ठाणे-नवी मुंबईत महावितरणचं बिल पाहिलं तर 'वीज आकार' आणि 'वहन आकार' अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात. एक विजेची किंमत, दुसरी तारांची. 1960 साली स्थापन झालेलं राज्य वीज मंडळ निर्मितीपासून मीटरपर्यंतचा खर्च एकत्रच मांडायचं, त्यामुळे तारांचा भार कोणी किती उचलायचा हा वाद उघड्यावर येत नसे. 2003 चा वीज कायदा आला, जून 2005 मध्ये मंडळाची महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी विभागणी झाली, आणि तारांच्या खर्चाच्या वाटणीचं सूत्र लागलंच. राज्याच्या त्याच पारेषण जाळ्यावर, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या मोठ्या तारांवर, मुंबईला वीज देणाऱ्या टाटा आणि बेस्टही होत्या.

राज्य वीज नियामक आयोगाने ते 2006 मध्ये ठरवलं. तारा कोणाच्याही मालकीच्या असोत, वर्षाचा सगळा खर्च एका ठिकाणी गोळा करायचा. दर पोस्टाच्या तिकिटासारखा, अंतर न बघता. वाटा मात्र युनिटवर नव्हे, मागणीवर: राज्याची मागणी शिगेला असतानाची कंपनीची मागणी आणि तिची स्वतःची कमाल मागणी, यांची सरासरी. समजा 'अ'चे आकडे 60 आणि 80, 'ब'चे 25 आणि 35. सरासरी 70 आणि 30. म्हणजे 100 कोटींतले 70 कोटी 'अ'चे. फक्त पहिला आकडा धरला तर आडवेळी भार टाकणारा जवळपास फुकट सुटतो. फक्त दुसरा धरला तर गर्दीची वेळ टाळणाऱ्याला काहीच फायदा नाही.

मागणीच का? चंद्रपूर-पडघे ही 752 किलोमीटरची लाइन 1,500 मेगावॉटसाठी बांधलेली आहे. ती अर्धी रिकामी धावली तरी तिचा खर्च कमी होत नाही. राखीव क्षमताही फुकट येत नाही. 12 ऑक्टोबर 2020 ला कळवा-पडघ्याचं एक सर्किट आधीच बंद होतं, दुसरंही पडलं, आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली.

घरापर्यंत येताना, म्हणजे महावितरणच्या वितरणाच्या तारांवर, मात्र हे सूत्र सुटतं. जुन्या साध्या मीटरला फक्त युनिट कळायचे, म्हणून वहन आकारही युनिटवर. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला उच्चदाबाचा कारखाना ट्रान्सफॉर्मर स्वतःचा ठेवतो, गल्लीतल्या लघुदाब तारा वापरत नाही. त्याचा दर कमी, आणि ते रास्तच आहे. खरी गाठ छतावरच्या सोलरची. नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट रात्री घेतलेल्यांतून वजा होतात. तार दोन्ही वेळा वापरली, वहन आकार फक्त उरलेल्या युनिटवर. तूट बाकीच्या ग्राहकांच्या दरात जाते. त्यावर उपाय म्हणून स्थिर आकार, म्हणजे युनिट कितीही जाळले तरी द्यावी लागणारी महिन्याची ठरावीक रक्कम, वाढवला, तर महिन्याला 60 युनिट जाळणाऱ्या वन-रूम-किचनवाल्याला तो सगळ्यात जड पडतो.