लाटा फ्लुरोसंट नसतात!

नोव्हेंबर-डिसेंबर आला की देवगड, मुरुडकडच्या निळ्या लाटांचे व्हिडिओ फिरू लागतात आणि खाली हमखास लिहिलेलं असतं, 'फ्लुरोसंट समुद्र'. नाही हो! ती जीवदीप्ती, म्हणजे सजीवाने स्वतःच तयार केलेला उजेड. नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव पाणी ढवळलं की चमकतो. किनाऱ्यावरच्यांना हे नव्याने सांगायला नको. प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुरोसन्स, हे निराळं प्रकरण. रंगात फरक शोधू नका, निळे दोन्हीकडे असतात.

विचारायचं एवढंच: ऊर्जा आली कुठून? लाटेत ती रासायनिक क्रियेतून येते. ल्युसिफेरिन या जिवातल्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग होतो, ल्युसिफेरेज हे विकर तो घडवून आणतं आणि ल्युसिफेरिनचा तो रेणू खर्ची पडतो. एका रेणूमागे फार तर एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण. बाहेरून उजेड नको, म्हणून तर अवसेच्या रात्री लाट जास्तच उठून दिसते.

प्रतिदीप्त रेणू मात्र बाहेरचा प्रकाश शोषतो, काही नॅनोसेकंदांत जरा जास्त तरंगलांबीचा प्रकाश सोडतो आणि पुन्हा होता तसा होतो. रहाटाचं गाडगं भरतं, रितं होतं, परत खाली जातं, तसंच. बाहेरचा प्रकाश, प्रयोगशाळेत बहुधा लेसर, बंद केला की खेळ संपला.

सूक्ष्मदर्शकाखाली एकटा रेणू दिसतो तो या फेऱ्यांमुळेच. एका फोटॉनने ठिपका उमटत नाही. चांगल्या रंगद्रव्याचा रेणू कायमचा विझण्याआधी लाखभर, कधी दहा लाखही फोटॉन देतो. त्यांतले थोडेच कॅमेऱ्यात येतात, पण तेवढे पुरतात. तरंगलांबी बदललेली असल्यामुळे लेसरचा झगमगाट फिल्टरने अडवता येतो. मर्नर आणि काडोर या शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये एकटा रेणू प्रकाशाच्या शोषणावरून टिपला होता, पण खुणेत गोंगाट, म्हणजे नको असलेले चढउतार, फार होता. 1990 मध्ये ओरिट आणि बर्नार यांनी अतिथंड स्फटिकातल्या पेंटासीन या सेंद्रिय रेणूची प्रतिदीप्ती मोजली आणि खूण स्वच्छ दिसली. मर्नर 2014 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी.

ठिपका साधारण 250 नॅनोमीटर रुंद, रेणू जेमतेम एक-दोन. म्हणजे फोटोत रेणूचा आकार शोधणं व्यर्थ. मग तो एकच आहे हे कशावरून? तो मध्येच लुकलुकतो आणि शेवटी एका झटक्यात विझतो. पायरीपायरीने किंवा हळूहळू मंद होत गेलेला ठिपका दाखवून कुणी 'एक रेणू' म्हणालं, तर मी सरळ नाही म्हणतो.