घात नियम

घात नियम हा चलाच्या घाताचे अवकलज, म्हणजे चल बदलताना तो घात ज्या दराने बदलतो तो दर, काढण्याचा नियम होय. चल क्ष आणि घातांक न ही स्थिर संख्या असेल, तर क्ष^न चे अवकलज न·क्ष^(न−१) असते (^ नंतरची संख्या म्हणजे घातांक). शिकवताना तो ‘पॉवर पुढे आणा, वर एक कमी करा’ असा तोंडी सांगतात. त्यानुसार क्ष^५ चे अवकलज ५क्ष^४, तर ७क्ष^३ चे २१क्ष^२.

एक कमी का होतो, हे चौरसात दिसते. १० सेंमी बाजूच्या चौरसाची बाजू ०.१ सेंमीने वाढवली, तर क्षेत्रफळ १०० वरून १०२.०१ चौ. सेंमी होते. या २.०१ च्या वाढीत दोन कडांना लागलेल्या, प्रत्येकी १ चौ. सेंमीच्या दोन पट्ट्या आहेत, उरलेला ०.०१ हा कोपऱ्यातला तुकडा. वाढीला ०.१ ने भागले की २०.१ येते, आणि बाजूची वाढ शून्याकडे नेली की कोपरा गळून २० उरतात, म्हणजे २ × १०, नियमातले २क्ष. घनाला पट्ट्यांऐवजी तीन चौरस थर चढतात, म्हणून ३क्ष^२. पुढच्या पूर्णांक घातांचे चित्र काढता येत नाही. तिथे द्विपद प्रमेय, म्हणजे दोन पदांच्या बेरजेचा घात उलगडण्याचे सूत्र, कामी येते.

फ्रेंच गणिती पिएर द फेर्माने १६३० च्या दशकात वक्राची स्पर्शिका (त्याला एका बिंदूत टेकणारी रेषा) काढताना अशीच बारीक वाढ घेऊन शेवटी ती सोडून दिली होती. जर्मन गणिती लाइबनिट्सच्या कलनशास्त्रावरील १६८४ च्या लेखात घात आणि मुळे या दोन्हींसाठी हा नियम आहे.

क्ष धन असेल, तर न अपूर्णांक किंवा ऋण असला तरी चालते. √क्ष म्हणजे क्ष^(१/२). त्याचे अवकलज १/(२√क्ष). क्ष = २५ ला ते १/१० भरते, म्हणून √२६ सुमारे ५.१ (खरी किंमत ५.०९९०).

चुका ठरावीक जागी होतात. क्ष^(−३) मध्ये एक कमी केल्यावर घातांक −४ होतो, −२ नव्हे. २^क्ष ला तर हा नियम लागूच नाही, कारण तिथे चल घातांकात आहे. (३क्ष+१)^५ साठी साखळी नियमाने (कंसातल्या राशीच्या अवकलजाने गुणण्याचा नियम) आणखी ३ ने गुणावे लागते, उत्तर १५(३क्ष+१)^४.

नियम उलटा वापरला की समाकलन, म्हणजे अवकलजावरून मूळ राशी शोधणे, होते: घातांकात एक मिळवून नव्या घातांकाने भागायचे. मात्र क्ष^(−१) इथे अडते, कारण भाजक शून्य होतो. घात नियमाने ते कोणत्याही घातातून निघत नाही: क्ष^० पासून यावे, तर पुढचा गुणक ० असतो. ही रिकामी जागा नैसर्गिक लॉगॅरिदम भरतो, कारण त्याचे अवकलज क्ष^(−१) असते.