हाडाची जुनी गाठ अचानक वाढली, तर: धमनीचा फुगा की कर्करोग?

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला लागणारी टणक, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे कूर्चेची टोपी असलेली हाडाची साधी वाढ असते. विशीतल्या मुलाची अशी गाठ एकाएकी दुखू लागली आणि गुडघ्यामागे सूज आली, की ठाण्यातले घरचे लोक थेट खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकची, टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्राची चौकशी सुरू करतात. ही भीती निराधार नाही. परंतु त्या वयात दोष धमनीतही असू शकतो.

गुडघ्यामागची पॉप्लिटियल धमनी वर मांडीच्या स्नायूतील फटीपाशी आणि खाली पोटरीच्या सुरुवातीला जखडलेली असते, त्यामुळे हाडाचा उंचवटा आड आला तरी तिला बाजूला सरकता येत नाही. वाढीचे वय संपताना कूर्चेच्या टोपीचे हाड होते, तिचा गुळगुळीतपणा जातो आणि येऊरची चढण असो वा ठाणे स्थानकाचा जिना, गुडघा वाकेल तसतशी ती कड धमनीला घासते. अखेर भिंतीला छिद्र पडते आणि बाहेर आलेले रक्त भोवतालच्या ऊतींत कोंडून राहते. हा स्यूडोअ‍ॅन्युरिझम, या फुग्याला धमनीची स्वतःची तीन थरांची भिंत नसते. हाताला ठोके लागले तर निदान सोपे. मात्र आत रक्त गोठले असेल तर ठोके लागत नाहीत, पावलातली नाडीही अनेकदा शाबूत असते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

टोपीचे कॉन्ड्रोसार्कोमात, म्हणजे कूर्चेच्या कर्करोगात, रूपांतर होत असेल, तर गाठ सहसा हळूहळू, महिनोन्‌महिने वाढते. वाढीचे वय उलटूनही ती वाढत राहणे आणि एमआरआयमध्ये टोपी २ सेंटिमीटरहून जाड दिसणे, या संशयाच्या खुणा होत. एकट्या गाठीत असे साधारण १ टक्का रुग्णांत घडते. आनुवंशिक, अनेक गाठी असलेल्यांत अधिक.

माझ्या मते खरा प्रश्न तपासण्यांच्या क्रमाचा आहे. कर्करोगाच्या संशयाने बायोप्सीची सुई त्या फुग्यात शिरली, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून गुडघ्यामागच्या अशा सुजेत आधी कलर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यावा. फुगा निघाल्यास रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक बहुधा रुग्णाच्याच पायातील शिरेचा तुकडा लावून धमनी दुरुस्त करतात आणि हाडाचा उंचवटाही काढून टाकतात, नाहीतर घासणे पुन्हा सुरू होते.