आर्कॉन की नॉन-आर्कॉन? आधी बॉल कुठे आहे ते बघा

आर्टिक्युलेटर म्हणजे वरखालच्या दातांची मॉडेल बसवून जबड्याची हालचाल दाखवणारं उपकरण; आर्कॉन आणि नॉन-आर्कॉन हे त्याचे दोन प्रकार. कंडाइल (खालच्या जबड्याचं सांध्यातलं गोल टोक) ज्या उतारावरून सरकतो त्याचा कोन, बेनेट कोन (जबडा बाजूला सरकताना कंडाइल आत वळतो तो), फेसबोची (वरच्या जबड्याची सांध्यापासूनची जागा मोजून उपकरणावर नेणारं साधन) सोय हे सगळं दोन्हींत असतं. त्यामुळे लॅबच्या टेबलावर शेजारी ठेवलेले आर्कॉन आणि नॉन-आर्कॉन आर्टिक्युलेटर नव्या माणसाला जुळे भाऊ वाटतात. कंपनीवरूनही ओळख पटत नाही: हानाउचा एच२ नॉन-आर्कॉन, तर हानाउचाच वाइड-व्ह्यू आर्कॉन.

मागचा गोल बॉल खालच्या फ्रेमवर असेल तर तो आर्कॉन. बॉल वरच्या फ्रेमला आणि त्याची खाच खाली असेल तर नॉन-आर्कॉन. माणसाचा कंडाइल खालच्या जबड्याचा आणि त्याची खोबण कवटीची, म्हणजे नॉन-आर्कॉनची मांडणी उलटी. ‘आर्टिक्युलेटर’ आणि ‘कंडाइल’ जोडून बर्गस्ट्रॉम यांनी १९५० मध्ये ‘आर्कॉन’ हे नाव दिलं.

बहुतेक जण इथेच थांबतात, पण खरा फरक दिसतो तो कोन बसवताना. जबडा पुढे सरकवून घेतलेली मेणाची बाइट (वरखालच्या दातांचा मेणातला ठसा) मॉडेलांमध्ये ठेवली, स्क्रू सैल केला आणि मॉडेल बाइटमध्ये फट न राहता बसेपर्यंत कोन फिरवला. समजा ४० अंश आले. आता मेण काढून पिन (दोन फ्रेममधली उंची धरणारा पुढचा दांडा) टेकवली. आर्कॉनमध्ये खोबण वरच्या मॉडेलसोबतच खाली येते, त्यामुळे वरच्या दातांच्या पातळीशी तिचा कोन तोच राहतो. नॉन-आर्कॉनमध्ये खाच खालीच राहते आणि वरचं मॉडेल झुकतं. डायल ४० दाखवतो, पण वरच्या दातांशी असलेलं नातं बदललेलं असतं. मेण जितकं जाड, तितकी चूक मोठी.

म्हणून क्राऊन-ब्रिजला, विशेषतः पिन हलवून वरखालच्या दातांमधली उंची वाढवायची असेल तर, मी आर्कॉनच घेईन. अर्थात फेसबोशिवाय अंदाजाने मॉडेल उपकरणावर बसवलं असेल तर पिन हलवताना आर्कॉनही वाचवणार नाही.

पूर्ण कवळीला मात्र नॉन-आर्कॉन आवडणारे बरेच आहेत, आणि ते चुकत नाहीत. बॉल खाचेत अडकलेला असल्याने दात लावताना वरची फ्रेम सारखी उचलून हातात येत नाही, पुढे-मागे सरकवून दात सगळीकडे सारखे टेकतात का, तो बॅलन्स बघणं सोपं जातं. त्यावर पिनची उंची बदलावीच लागली, तर नव्या उंचीला बाइट पुन्हा मागवायची आणि कोन नव्याने बसवायचा.