एनपीटीईएलचा कोर्स: व्हिडिओपासून सर्टिफिकेटपर्यंतची अर्ज प्रक्रिया

एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि आयआयएससीच्या ऑनलाइन कोर्सेसचा उपक्रम. त्याची यूट्यूबवरची सगळी लेक्चर्स बघून झाली म्हणजे कोर्स झाला, असं मुंबईतल्या कॉलेजांत बरीच मुलं धरून चालतात आणि सर्टिफिकेटला मुकतात. व्हिडिओ किती पाहिले हे कुणी मोजत नाही. घरी डीडी फ्री डिशवर स्वयंप्रभाच्या (केंद्र सरकारच्या शैक्षणिक) वाहिन्या लावा, नाहीतर लोकलमध्ये डाउनलोड केलेलं लेक्चर ऐका, त्याची हजेरी लागत नाही. मोजतात ते दोनच: असाइनमेंट आणि केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षा.

स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सेसच्या पोर्टलवर कोर्सला नाव नोंदवणं मोफत आहे, त्यासाठी पदवीची अट नाही. सत्रं वर्षातून दोन, जानेवारी आणि जुलैत सुरू होणारी. पण नावनोंदणी म्हणजे परीक्षेचा अर्ज नव्हे! तो वेगळा उघडतो आणि वेगळा बंद होतो. सर्वांत जास्त मुलं अडकतात ती इथेच. शुल्क दर कोर्समागे १००० रुपये राहिलं आहे. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना सवलत मिळते. भरण्याआधी चालू सत्राची रक्कम बघून घ्या.

अर्जाला लागतं ते असं: स्वयमला नोंदवलेलाच ईमेल, फोटो, सही, सवलत हवी असल्यास जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, कॉलेजचं नाव आणि रोल नंबर. नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, कारण सर्टिफिकेटवर तेच छापून येतं. केंद्र निवडताना घरापासूनचा प्रवास बघा. पेपर तीन तासांचा, बहुतेक वेळा शनिवार-रविवारी असतो आणि रविवारी मध्य, पश्चिम किंवा हार्बरवर मेगाब्लॉक असू शकतो. हॉल तिकिटाची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र दोन्ही न्या. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

गुणांचं गणित नीट समजून घ्या. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी २५ गुणांत धरतात, परीक्षा ७५ गुणांत. पास व्हायला असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. समजा, असाइनमेंटला २० मिळाले आणि परीक्षेत २८. बेरीज ४८ झाली तरी सर्टिफिकेट मिळत नाही. असाइनमेंटची मुदत उलटली की पोर्टल उत्तर घेत नाही. म्हणून त्या आठवड्याचे व्हिडिओ मुदतीच्या दोन दिवस आधी संपवा आणि शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नका. इंग्रजी जड जात असेल तर बऱ्याच कोर्सेसचा मराठी अनुवाद एनपीटीईएलच्या साइटवर पीडीएफमध्ये आहे. तो शेजारी ठेवून लेक्चर ऐकलं की खूप सोपं पडतं.

या कोर्सचे क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) हवे असतील तर शुल्क भरण्याआधीच विभागप्रमुखांकडून लेखी मंजुरी घ्या आणि अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिट जमा होणाऱ्या सरकारी डिजिटल खात्याचा) आयडी काढून ठेवा. कॉलेजने तो कोर्स मान्य केलेलाच नसेल, तर निकालानंतर क्रेडिट मिळवणं फार अवघड जातं.